घोडीची खाज आणि मगरिबची वेळ

या महिन्याचं पत्र कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून आलं आहे. लिहिणाऱ्या बहिणीने नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून नाव देत नाही. घरचा धंदा वरातीच्या घोडीचा. सासऱ्यांचा टांगा होता. टांगे बंद पडले, घोडं तेवढं राहिलं आणि धंदा लग्नाकडे वळला. शाहू महाराजांच्या खडखड्याच्या गोष्टी आजही सांगणाऱ्या या शहरात आता घोडी उरली ती वरातीपुरती, रंकाळ्यावर मुलांना फेरी मारण्यापुरती आणि जवळच्या पन्हाळ्यावर. अशा घरांपैकीच हे एक घर. पत्र थोडं आवरून देतो.

“डॉक्टरसाहेब, अस्सलामु अलैकुम. आमची पांढरी घोडी नऊ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी राजस्थानकडच्या व्यापाऱ्याकडून घेतली. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यापासून तिला खाज सुटली. भिंतीच्या कोपऱ्याला शेपटीचं मूळ घासते, खुंटाला मान घासते, रक्त आलं तरी थांबत नाही. निम्मी आयाळ गेली. उन्हाळ्याच्या तोंडावर आपोआप बरं वाटतं. वळीव पडला की पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात रक्त बिघडलंय. शेजारी म्हणतात खरूज आहे, पोरांना लागेल. यांनी गॅरेजमधलं जळकं ऑईल लावलं, तर कातडी सोलून निघाली. तिच्याशेजारीच आमचा तांबडा घोडा बांधलेला असतो. तो इथलाच, जिल्ह्यात जन्मलेला. त्याला काहीच नाही. डास-माश्यांमुळे असतं तर दोघांना नको का व्हायला? दिवाळीनंतर लग्नं सुरू होतील. टक्कल पडलेली घोडी वरातीला कोण नेणार? घरात विकायची भाषा चालली आहे. मुलं रडतात. काय करू?”

व अलैकुम अस्सलाम, बहीण. विकायचा निर्णय महिनाभर थांबवा. तुम्ही जे बारकाईने पाहिलंय, त्यातच निम्मं निदान आहे. खाज ठरावीक मोसमात येते आणि मोसम सरला की जाते. ती आयाळ, मान आणि शेपटीच्या मुळाशी आहे. घोडी बाहेरून आलेली आहे. आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावराला काही नाही. या चारही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात: चिलटं चावल्याने होणारी ॲलर्जी. घोड्यांच्या कातडीच्या ॲलर्जीत जगभर सर्वाधिक आढळणारा हा प्रकार आहे.

दोघांपैकी एकालाच का?

तुमचा हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. चिलटं दोघांनाही चावतात. चावताना ती आपली लाळ कातडीत सोडतात, रक्त गोठू नये म्हणून. तांबड्या घोड्याचं शरीर त्या लाळेकडे दुर्लक्ष करतं. तुमच्या घोडीचं शरीर मात्र त्या लाळेला मोठा शत्रू समजतं आणि तिच्यावर तुटून पडतं. त्या लढाईत कातडी सुजते आणि आग-खाज सुटते. आपल्याकडे एका भावाला मासळी खाल्ली की पित्त उठतं आणि दुसरा तीच मासळी मजेत खातो, तसंच हे आहे. म्हणून शेजारच्या घोड्याला काही नसणं ही चिलटांच्या विरोधातली साक्ष नाही. उलट ती ॲलर्जीच्या बाजूने आहे. खरूज असती तर एव्हाना दोघांनाही झाली असती.

ऑस्ट्रेलियात या खाजेला क्वीन्सलंड प्रांताच्या नावाने ओळखत. तिथे रीक नावाच्या संशोधकाने १९५०च्या दशकात दाखवून दिलं की हा चिलटांच्या चाव्याच्या ॲलर्जीचा परिणाम आहे. दुसरं उदाहरण आइसलंडचं. त्या थंड बेटावर घोड्यांना छळणारी ही चिलटं नव्हती. तिथे वाढलेले घोडे मोठेपणी युरोपात नेले, तेव्हा त्यांतल्या खूप घोड्यांना, कुठे कुठे निम्म्याहून जास्त घोड्यांना, ही खाज सुटली. त्याच जातीची, पण युरोपातच जन्मलेली शिंगरं मात्र बरीचशी वाचली. लहानपणापासून चिलटांची ओळख असलेलं शरीर त्यांना सोसतं. मोठेपणी पहिल्यांदा गाठ पडली की बिथरतं.

तुमची घोडी कोरड्या मुलखातून आली असेल आणि कोल्हापूरच्या पावसात तिची या चिलटांशी पहिल्यांदा गाठ पडली असेल, तर आइसलंडची गोष्ट तुमच्या दारात घडते आहे असं समजा. पहिला पावसाळा बरा का गेला, याचंही उत्तर यात आहे. ॲलर्जी पहिल्या भेटीत दिसत नाही. शरीर आधी ओळख करून घेतं, मग भांडतं. आणि एकदा भांडायला लागलं की दरवर्षी थोडं जास्त भांडतं.

हा कल काही अंशी वंशातून येतो. म्हणून या घोडीपासून शिंगरू घेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्या.

चिलट कसं ओळखायचं

आपण डास म्हणतो ते हे नव्हे. चिलट एक ते तीन मिलिमीटरचं, मोहरीच्या दाण्याहून फारसं मोठं नाही. गुणगुणत नाही, म्हणून लक्षात येत नाही. रक्त फक्त मादी पिते. अंडी ती ओल्या चिखलात घालते: शेणलीद मिसळलेली ओली माती, तुंबलेलं गटार, तळ्याचा काठ, गळक्या नळाखालची राड. सूर्य मावळताना आणि उगवण्याआधी ती सर्वात जास्त चावतात. दमट, वारा पडलेल्या रात्री रात्रभरही चावतात. उन्हाच्या भरात ती बहुधा दडून बसतात.

त्यांचा दुबळेपणाही ध्यानात ठेवा, कारण आपला सगळा उपाय त्यावर उभा आहे. चिलट उडण्यात कच्चं असतं. ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वारा असला तरी त्याला नीट उडता येत नाही. जिथे जन्मतं तिथून बहुतेक वेळा काहीशे मीटरच्या आतच फिरतं.

एका संध्याकाळी वारा पडलेला असताना विजेरी घेऊन घोडीजवळ जा. आयाळीच्या मुळाशी, कानांत, पोटाच्या मधल्या रेषेवर बारीक करडे ठिपके हलताना दिसतील. खात्री पटायला तेवढं पुरे.

आधी बाकीचे रोग वगळा

निदान पत्रावरून पक्कं होत नाही. पशुवैद्यकाने घोडी एकदा पाहायलाच हवी. तोवर तुम्ही घरी हे पाहून ठेवा.

खरूज असेल तर ती मोसम पाहत नाही. एकाची दुसऱ्या जनावराला लागते, कधी माणसालाही. उवा असतील तर केस बाजूला केल्यावर डोळ्यांना दिसतात. गजकर्णाचे गोल चट्टे पडतात, केस गळतात, पण खाज बेताची असते. ते मुलांना लागू शकतं. नुसतं शेपटीचंच मूळ घासत असेल आणि मान, आयाळ ठीक असेल, तर जंताचा संशय घ्या. एका जातीचे जंत गुदद्वाराभोवती अंडी घालतात, त्याने तिथेच खाज येते. तुमच्या घोडीची मानही खाजते, म्हणून हे कमी संभवतं. तरी जंताचं औषध वेळेवर दिलंय ना, ते तपासा.

‘बरसाती’ हे नाव जुन्या घोडेवाल्यांना माहीत असेल. पावसाळ्यात चिघळणारी, मांस वर आलेली, बरी न होणारी जखम. इंग्रजी अमदानीतल्या लष्करी पशुवैद्यांनी हेच नाव उचलून आपल्या पुस्तकांत घातलं. माश्या जखमेवर जंतांच्या अळ्या सोडतात, त्यातून हा प्रकार होतो. ओलीतल्या एका बुरशीसारख्या जंतूनेही तशीच जखम होते. खाजवून उघडी पडलेली कातडी हे त्याला आमंत्रणच. डोळ्याच्या कडेला, ओठाला, पायाला अशी जखम दिसली तर घरचा इलाज करू नका.

दोन रोगांबाबत मात्र एक दिवसही दवडू नका.

पहिला सर्रा. मोठ्या डांस माश्या दिवसाढवळ्या चावतात, त्यांच्याकरवी हा पसरतो. त्याचा रक्तातला जंतू ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे शोधला. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, घोडं खात असूनही खंगत जातं. खाजेबरोबर असं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या.

दुसरा ग्लँडर्स. कातडीखाली रांगेने गाठी येतात, त्या फुटून चिकट पू वाहतो, नाकातूनही स्राव येतो. हा माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. २००६ साली आपल्याच राज्यात पुणे आणि पाचगणी भागात तो घोड्यांमध्ये आढळला होता. अशा गाठी दिसल्या तर हात लावू नका, मुलांना दूर ठेवा, घोडं वेगळं बांधा आणि सरकारी दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. २००९च्या प्राण्यांच्या साथरोग कायद्याने तसं कळवणं बंधनकारकच आहे. रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून होते.

तुमच्या पत्रात यांपैकी काहीही नाही, अल्हमदुलिल्लाह. पोरांना लागेल का, या भीतीचंही उत्तर देतो: ॲलर्जी कोणालाही लागत नाही. डॉक्टरांनी खरूज आणि गजकर्ण नाही असं सांगितलं, की मुलांना घोडीजवळ जाऊ द्या.

असर ते इश्राक

आता इलाज. आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ही ॲलर्जी मुळापासून घालवणारं औषध नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिच विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांवर एका लशीचे प्रयोग केले आहेत, त्यातून खाज कमी झाल्याचं दिसलं आहे. पण आज तुमच्या हातात असलेला खरा इलाज एकच: चिलट आणि घोडी यांची भेट होऊ द्यायची नाही. ते जमलं तर औषध थोडंच लागतं. ते न जमवता नुसती औषधं केली, तर पैसे जातात आणि खाज राहते.

वेळेचं गणित आपल्या घरांत कोणाला शिकवावं लागत नाही. कोल्हापुरात जूनअखेरीस सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास. “साडेसहाला घोडी आत घ्या” असं मी सांगितलं, तर वर्षातले काही महिने ते चुकीचं ठरेल. चिलट घड्याळ पाहत नाही, सूर्य पाहतं. आपली अजानही सूर्यावर चालते. म्हणून दिनक्रम नमाजांवर बसवा, तो बाराही महिने बरोबर राहील.

असर झाली की घोडी आत. त्याआधी चारा-पाणी, खरारा, फेरी सगळं उरकायचं. मगरिबच्या अजानच्या वेळी ती उघड्यावर असता कामा नये.

मगरिब ते इशा पंखा चालू. वारा पडलेला असेल तर रात्रभर.

फजरला तुम्ही उठलात तरी तिला बाहेर काढू नका. ही वेळ चिलटांचीही आहे.

सूर्य नीट वर आल्यावर, इश्राकनंतर, लीद काढा आणि मगच घोडी बाहेर घ्या.

पेठेतल्या जुन्या घरांत घोडं बोळात किंवा परसात बांधतात, वेगळा तबेला कुठून असणार! तीन बाजूंनी आडोसा, वर पत्रा आणि समोर पडदा एवढं असलं तरी काम भागतं. साधी मच्छरदाणी पुरत नाही, तिच्या भोकांतून चिलट सहज आत येतं. विणीने त्याहून बारीक जाळी घ्या किंवा जाळी दुहेरी लावा. पण हवा कोंडू देऊ नका. खरा पहारेकरी पंखा आहे. मोठा उभा पंखा घोडीच्या अंगावर सरळ वारा येईल असा, तिच्या तोंडा-पायाच्या टप्प्याबाहेर ठेवा. वायर उंचावरून घ्या. ओल्या जमिनीवर उघडी जोडणी नको, गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. घोडीच्या डोक्यावर रात्रभर झगझगीत दिवा ठेवू नका, उजेडाला किडे जमतात.

उभं राहायच्या जागेचा चिखल काढून मुरूम टाका. पाणी एका बाजूला वाहून जाईल असा उतार ठेवा. लीद सकाळ-संध्याकाळ उचला आणि तिचा ढीग दारात साठवू नका. गोमाश्याही त्यातच वाढतात. गळका नळ दुरुस्त करा. बोळातलं गटार तुंबलं असेल तर शेजाऱ्यांनी मिळून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या. एका घराने आपली राड काढली आणि पलीकडची तशीच राहिली, तर चिलटं तिथून येतील.

कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची जुनी पद्धत आहे. धूर असेतो चिलटं पळतात हे खरं, पण कोंदट जागेत तोच धूर घोडीच्या फुप्फुसांना बाधतो. करायचाच तर उघड्यावर, थोडा वेळ, घोडीपासून लांब.

झूल घरीच शिवा

हे काम घरातल्या शिलाई मशीनचं आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायद्याचं. परदेशात या रोगासाठी खास झुली मिळतात, कानापासून शेपटीपर्यंत घोडं झाकणाऱ्या. तुमच्यापासून तासाभराच्या आत इचलकरंजी आहे. मागावरचं पातळ पण घट्ट विणीचं, पांढरं किंवा फिकं सुती कापड आणा. उजेडाकडे धरलं तर विणीतली भोकं डोळ्यांना दिसू नयेत.

सजावटीची झूल पाठ झाकते. चिलटांना हवी असते आयाळ, शेपटीचं मूळ आणि पोट. म्हणून चार भाग करा. मानेचा भाग कानामागून खांद्यापर्यंत, खाली बांधायच्या नाड्यांसह. पाठीचा भाग छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत, मानेच्या भागावर चार बोटं चढेल असा. शेपटीच्या मुळावर एक पदर. आणि पोटाखालून जाणारी रुंद पट्टी. मापं दोरीने घोडीच्या अंगावरच घ्या. डोळ्यांना भोकं ठेवून कानांसह कपाळ झाकणारी टोपडीही जमते. मान खाली घालून चारा खाताना कापड ओढलं जाणार नाही एवढी ढिलाई ठेवा.

दोन जोड शिवा, एक अंगावर आणि एक धुण्यात. रोज झूल काढून खांदे आणि वशिंडाजवळची कातडी पाहा, घासलं तर तिथे मऊ अस्तर लावा. ओली झूल अंगावर ठेवू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम फुटत असेल तर दिवसा काढा, असरला घाला.

काय लावायचं, काय नाही

जळकं ऑईल, रॉकेल, डिझेल, बॅटरीचं पाणी यांतलं काहीही घोडीला लावू नका. कातडी जळते, चाटल्यावर पोटात जातं आणि खाजेच्या जागी जखम होते.

गोचिडांसाठी गाई-म्हशींना आणि कुत्र्यांना वापरायचं अमिट्राझ नावाचं औषध दुकानात सहज मिळतं. ते घोड्याला कधीही लावू नका. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल थांबते, शूळ उठतो आणि जनावर दगावू शकतं. औषध कोणतंही असो, बाटलीवरचं नाव वाचून घ्या. “जनावरांचं आहे, चालतंय” या शब्दावर विसंबू नका.

परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखी कीटक पळवणारी औषधं कामाची आहेत, पण किती पाण्यात किती आणि किती दिवसांनी, हे पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. घरात मांजर असेल तर औषध सुकेपर्यंत तिला दूर ठेवा. परमेथ्रिनचं तीव्र औषध मांजराचा जीव घेतं. माणसांच्या खरजेसाठी मिळणारं बेंझिल बेंझोएट घोड्यांच्या या खाजेवर पूर्वीपासून वापरात आहे. ते फुटलेल्या कातडीवर झोंबतं, म्हणून मोसमाआधी, धड कातडीवर, डॉक्टरांना विचारून. कडुनिंबाचं तेल थोडा वेळ साथ देतं. आधी हातभर जागेवर लावून दिवसभर पाहा, मग बाकी अंगाला.

खाज फार उठली असेल तर साध्या गार पाण्याने अंग धुवून निथळू द्या आणि पंख्याखाली सुकवा. लोखंडी खरारा या दिवसांत बंद, मऊ ब्रश वापरा. दाण्यात ताजी भरडलेली मूठभर जवस घालायला हरकत नाही. जवसाने काही घोड्यांची खाज थोडी कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. पण तो खुराक आहे, औषध नव्हे.

घोडीच्या घासायच्या जागाही पाहा. भिंतीचा धारदार कोपरा, निघालेला खिळा, पत्र्याची कड यांवर जुनं पोतं किंवा रबर बांधा. आणि धनुर्वाताची लस घेतलेली नसेल तर याच आठवड्यात द्या. पाळीव जनावरांत धनुर्वात सगळ्यात लवकर घोड्याला होतो, आणि तुमच्या घोडीच्या अंगावर उघड्या जखमा आहेत. माझ्या मते खाजेपेक्षाही हे तातडीचं आहे.

दवाखान्यातली सुई

स्टेरॉइडच्या सुईने खाज दोन दिवसांत बसते. त्यामुळे घोडेवाले तीच मागतात. फार बिघडलं असेल तेव्हा डॉक्टर ती देतीलही, आणि ते योग्यच आहे. पण दर पंधरा दिवसांनी तीच सुई घेत राहिलं तर खुरांच्या आत सूज येण्याचा धोका असतो, आणि पाय गेले तर घोडंच गेलं. गाभण घोडीला तर फारच जपून. पित्तावरच्या गोळ्यांसारखी औषधंही आहेत. काही घोड्यांना त्यांचा गुण येतो, काहींना नाही. कोणतीही सुई चिलटं थांबवत नाही. पंखा आणि झूल चालू ठेवली तर ती क्वचितच लागते.

सरकारी दवाखान्यात घोडं नेणं जमत नसेल तर १९६२ या मोफत क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा. अवघड वाटलं तर सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महामार्गावरच.

धंद्याचं काय?

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येतो. वरातीची वेळ आणि चिलटांची वेळ एकच, मगरिबची. पण वर्षाचं गणित तुमच्या बाजूने आहे. खाजेचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे असतो. त्याच काळात चातुर्मासामुळे हिंदू घरांतली लग्नं थांबलेली असतात. ती तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. म्हणजे घोडीला जपायचे महिने आणि कमाईचे महिने बरेचसे वेगळे आहेत.

फक्त एक लक्षात घ्या: आयाळीचा केस एका महिन्यात वाढत नाही. सप्टेंबरात घासून गेलेली आयाळ डिसेंबरच्या वरातीत दिसते. म्हणून दिवाळीनंतरचा धंदा पावसाळ्यातच राखावा लागतो. खाज सुटल्यावर धावायचं नाही. मे महिन्यात, वळीव पडायच्या आधी, झूल शिवून तयार, मुरूम टाकलेला आणि पंखा जोडलेला हवा. चिलटांचा पहिला आठवडा टळला तर कातडी चिडतच नाही आणि पुढचे महिने सोपे जातात.

या वर्षीच्या वरातींसाठी: निघण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेलं कीटकनाशक लावा आणि ते सुकल्यावरच सजावट चढवा. उरलेली आयाळ सैल वेणीत गुंफून वर गोंड्यांची माळ घेतली तर पातळ जागा झाकते. पण जखमेवर मेहंदी किंवा केसांचा काळा रंग लावू नका, त्याची वेगळीच ॲलर्जी उठेल. जखम ओली असेल तर त्या दिवशी सुपारी घेऊ नका, तांबड्याला पाठवा. वरात थांबते तिथे, नाचणाऱ्यांच्या गर्दीत, घोडीला फोकसखाली उभी करू नका, दोन पावलं वाऱ्याच्या बाजूला घ्या.

राहिला प्रश्न विकण्याचा. विकणं चूक आहे असं मी म्हणत नाही, घर चालवायचं असतं. पण विकायचीच ठरली तर खाजेची गोष्ट घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. ऐब लपवून माल विकायची आपल्याला परवानगी नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि शक्य असेल तर कोरड्या मुलखातला गिऱ्हाईक पाहा. तिथे चिलटं कमी, तिचं दुखणंही कमी होईल. दुसऱ्या पाणथळ गावात गेली तर तिचं नशीब तेच राहील, फक्त झूल शिवणारं कोणी नसेल.

माझा सल्ला विचाराल तर एक पूर्ण पावसाळा हे सगळं करून पाहा. कॅलेंडरवर रोज एक खूण करा: आज किती घासली, थोडी की फार. वारा होता की पडला होता, तेही लिहा. दोन महिन्यांत तुम्हालाच दिसेल की वाऱ्याच्या दिवशी ती शांत असते. हे काम मुलांना द्या. त्यांना रडण्यापेक्षा काम बरं वाटेल.

तुमच्या घरातल्यांना एक वाक्य माझ्या नावाने सांगा. घोडीचं रक्त बिघडलेलं नाही, तिला कोणाची नजरही लागलेली नाही, आणि ती हट्टाने भिंत घासत नाही. ती जे सोसते आहे ते तिला बोलून सांगता येत नाही. बेजुबान जनावर आपल्याकडे अमानत असतं. आज असरची अजान झाली की तिला आत घ्या, पंखा लावा, आणि लसीसाठी उद्या सकाळी दवाखान्यात फोन करा. पावसाळा संपला की पुन्हा पत्र लिहा. आयाळ किती आली, ते वाचायची उत्सुकता मला आणि वाचकांनाही राहील, इन्शाअल्लाह.